दुसऱ्या कुणीतरी बदललेली नोंद

आदिलाबादेतल्या आमच्या छोट्या संस्थेत रक्तदात्यांची यादी माझ्याकडे असते. रक्ताची गरज पडली की नातेवाईक दवाखान्याची चिठ्ठी घेऊन येतात, मी त्या गटाचा माणूस शोधते आणि फोन लावते. एवढंच काम.

गेल्या वर्षी ती यादी जुन्या फाइलमधून नव्या सर्व्हरवर मीच नेली, मोठ्या तोऱ्यात. नोंदी सगळ्या आल्या. पण काही नोंदींत जरा काही बदलायला गेलं की पडद्यावर यायचं : ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे, तुमचा बदल सोडून द्यायचा का?

दुसरं कोण? खोलीत आम्ही दोघीच. मी आणि समोरच्या टेबलावरच्या काकू, निवृत्त शिक्षिका.

"काकू, तुमी पुन्हा यादी उघडी ठेवली ना?" मी खेकसले.

"अवं बाई, मी सकाळपासून पाकिटं चिकटवून राह्यली. काऊन डाफरतं माझ्यावर?"

त्यांचा कॉम्प्युटर बंद होता, तेही मी पाहिलं नव्हतं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मीही त्या संदेशाचं कारण शोधलं नाही. बघू नंतर, म्हटलं.

त्याच आठवड्यात गुडीहत्नूरच्या एका भाजीवाल्याचा फोन आला. ओ निगेटिव्ह रक्ताचा माणूस. आमच्याकडे त्या गटाचे मोजून चार जण. "ताई, नंबर बदलला माझा, लिहून घ्या." मी टाकला, तोच संदेश. पुन्हा टाकला, पुन्हा तोच. वैतागून मी 'सोडून द्या' दाबलं, नंबर एका चिठोऱ्यावर खरडला आणि म्हटलं, "झालं, दादा."

झालं काय, डोंबल! ते चिठोरं मला परत कधी दिसलं नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी बाजारहत्नूरकडचा एक माणूस आला. बायको बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. चौघांतला एक मंचेरियलला बदलून गेलेला, एकानं नुकतंच दिलेलं, एक तापानं झोपलेला. उरला भाजीवाला. त्याचा जुना नंबर बंद, आणि यादीत गावाचं नाव होतं, घराचा पत्ता नव्हता. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी ड्रॉवर उपसले, कचऱ्याची टोपली पालथी केली. काकू गुडघे दुखत असूनही खाली बसून कागद चाळायला लागल्या. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, आता थांबायला वेळ नाही, तिला नागपूरला हलवतोय. तो धावत गेला.

ती वाटेतच गेली. संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी न जेवता कारण शोधत बसले. यादी नेताना मी एक नवा टिकचा रकाना वाढवला होता, 'फोन झाला' असा. जुन्या नोंदींत तो कोराच राहिला. नोंद भरायचा आमचा पडद्यावरचा फॉर्म कोऱ्याला 'नाही' समजायचा, सर्व्हर त्याला कोराच धरायचा. दोघांचं जुळेना, म्हणून मधे कुणीतरी बदल केला असं यंत्राला वाटायचं. सगळे कोरे रकाने 'नाही' करून टाकले. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

काकूंची माफी मागितली. "जाऊ दे वं," म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बसल्या.

महिन्याभरानं भाजीवाला स्वतःच आला. "फोनच नाही तुमचा, ताई. म्हटलं, आपणच जाऊन रक्त देऊन यावं."

मी आधी त्याचा नंबर टाकला. नोंद मुकाट्यानं जतन झाली. मग त्याला सगळं सांगितलं, माझ्या 'झालं, दादा'सकट. दोष यंत्रावर ढकलायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ढकलला नाही.

त्यानं विचारलं, "कोणता दिवस होता?"

"बुधवार. दुपारची वेळ."

"बुधवारी बाजार नसतो, मी घरीच होतो, ताई. मेथीच्या जुड्या बांधून राह्यलो होतो."