सगळ्यांत लहान हाताची मूठ

मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या लालबर्र्याला सिवनी रोडच्या अंगाला, राइस मिलच्या मागच्या वॉर्डात चंपाबाईचं दोन खोल्यांचं घर आहे. घरात माणसं होती तेव्हा जागा नव्हती, आता जागा आहे तर भिंतीवरचे फोटो तेवढे राहतात. सकाळी आठ वाजले की ती सुपात दोन मुठी तांदूळ काढते, निवडते, आणि गंजात टाकायच्या आधी त्यातले मूठभर उचलून कोनाड्यातल्या पितळेच्या गुंडीत टाकते. उरलेल्या एका मुठीचा भात ती दोन वेळा पुरवून खाते.

गुंडीत मूठ टाकायची ती घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या हातानं, असा नेम आहे. पण नवरा प्रेमलाल जाऊन नऊ वर्षं झाली, आणि पोरगा गजेंद्र बायकोपोरीला घेऊन उकव्याच्या मँगनीजच्या खदानीत कामाला गेला. तेव्हापासून या घरात सगळ्यांत मोठी चंपाबाई आणि सगळ्यांत लहानही चंपाबाईच. शेजारच्या मंजूनं एकदा विचारलं, की काकू, लहान लेकराचा नेम तुम्ही कशा पाळता? तर ही म्हणाली, "दात नाहीत, मन दाळभातावर, दुपारी झोप लागते. अजून लहान कशी राहतात व?"

नेम तिच्या आजीचा. आजी म्हणजे जिजाबाई, वैनगंगेच्या काठच्या गावातली. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की नदीपल्याडची बाई वळून पाहायची. छप्पन साली ती नागपूरला दीक्षेला गेली. गावातली सात माणसं गेली, त्यात बाई ही एकलीच. पांढरं लुगडं नव्हतं, तर सासऱ्याचं धोतर नेसून गेली. परत आली ती तिसऱ्या दिवशी, पायात फोड घेऊन, आणि आल्याआल्या देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून वैनगंगेला सोडून आली. घरचे पुरुष दारात उभे राहून पाहत होते. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कारिक झालं. आजीनं भाताला तांदूळ काढले आणि सवयीनं देवाची म्हणून एक मूठ उचलली. उचलली आणि वळली तर कोपरा रिकामा. भिंतीवर तेलाचा काळा डाग तेवढा. मूठ हातात तशीच. चंपा तेव्हा सहा वर्षांची, उंबऱ्यावर बसून पेज पीत होती. आजी इतका वेळ तशी उभी राहिली की चंपाची पेज संपली.

मग आजीनं मूठ परत सुपात सोडली, चंपाला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माह्या हाताले चाळीस वर्षाची सवय हाये, तो कोपऱ्याकडेच वळते. तुह्या हाताले कायचीच सवय नाही. तू टाक."

"कोठी टाकू?"

आजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि पाण्याची पितळी गुंडी उपडी करून पुसली. "हिच्यात टाक. देव गेले, पण मूठ राह्यली न. आता देवाची नाही, माणसाची."

तिथून नेम पडला. घरातल्या सगळ्यांत लहानानं मूठ टाकायची. मुठीचं घरात शिजवायचं नाही, घरच्यानं एकट्यानं खायचं नाही. वर्षभर साठवायचं आणि बुद्धपौर्णिमेला विहारात नेऊन खीर करायची, येईल त्याला द्यायची. हळूहळू गावातल्या दहा-वीस घरांनी उचललं.

पण वीस घरचा तांदूळ म्हणजे वीस तऱ्हेचा. कोणाचा बारीक चिन्नोर, कोणाचा जाडा, कोणाची नुसती कणी. एकदम गंजात टाकला तर अर्ध्याचा लगदा आणि अर्धा दाताखाली कचकचतो. पहिल्या वर्षी तसंच झालं आणि लोक हसले. आजी हसली नाही. पुढच्या वर्षी तिनं ओसरीवर गोणपाट टाकून सगळा तांदूळ हातानं चाळून वेगवेगळा केला. जाडा आधी टाकायचा, त्याला चांगली उकळी आली की बारीक, आणि कणी अगदी शेवटी, गुळाच्या आधी. चिमटीत दाणा धरून ती सांगायची हा कोणत्या घरचा. चंपाला शिकवताना म्हणायची की जाड्याले वेळ जास्त द्या लागते, त्यात त्याचा काय दोष.

लग्नात आजीनं चंपाला गुंडीच दिली. बाकीच्यांनी भांडी दिली ती केव्हाच फुटली, मोडीत गेली. लालबर्र्याला येऊन चंपानं इथल्या विहारात तोच नेम लावला. प्रेमलाल मिलमध्ये हमाल होता. दिवसभर तांदळाची पोती उचलून घरी आला की बायको मूठमूठ तांदूळ चाळत बसलेली. तो म्हणायचा, "मी क्विंटलनं मोजतो, तू दाण्यानं. कोणाचं लवकर सरते पाहू." त्याचंच लवकर सरलं.

चाळीसेक वर्षं बुद्धपौर्णिमेची खीर चंपाबाईच्या हाताची. यंदा मात्र चैत्रात विहाराच्या समितीचा भैयालाल घरी आला. चंपाबाईच्या हातची खीर खाऊनच मोठा झालेला माणूस, आता अध्यक्ष. पाणी प्याला, तब्येत विचारली, पंख्याकडे पाहत बसला. मग सांगितलं, की माणसं फार वाढली, यंदा रसोइया बोलावला आहे, तांदूळ एकच जातीचा दुकानातून येणार. घरोघरची मूठ गोळा करायची नाही. कोणाच्या तांदळात सोंडे निघतात, कोणाचा जुना असतो.

"काकू, तुम्ही लय केलं. आता आराम करा," तो म्हणाला.

चंपाबाईनं त्याचा रिकामा गिलास उचलला. आराम करा असं लोक केव्हा म्हणतात, ते तिला ठाऊक होतं.

तरी गुंडीत मूठ पडत राहिली. हात ऐकत नव्हता. गुंडी गळ्यापर्यंत भरली. गजेंद्रनं पौर्णिमेला येतो म्हणून कबूल केलं होतं, आठ वर्षांच्या समीक्षाला घेऊन. चंपाबाईनं मनात ठरवलं होतं, की शेवटची मूठ पोरीच्या हातानं टाकायची आणि मग गुंडी विहारात नेऊन ठेवायची. लहान लेकराच्या हातून आलेल्या गुंडीला भैयालाल काय नाही म्हणतो?

पौर्णिमेच्या सकाळी फोन आला. गजेंद्रची ड्यूटी लागली होती, एक माणूस सुट्टीवर गेला म्हणून. मागून समीक्षा ओरडली, "दादी, अगली बार पक्का." नातीला मराठी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते. चंपाबाई म्हणाली, हौ, ये आरामानं. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपणही आरामच म्हणालो.

विहारात ती पांढरं पातळ नेसून गेली. तिला पुढची प्लास्टिकची खुर्ची दिली. वंदना झाली, खीर वाटली. चांगली होती. दाणा न् दाणा सारखा. कोणत्या घरचा कोणता, काही कळायला मार्ग नव्हता. तिनं द्रोण पुसून खाल्ला आणि घरी आली. कोनाड्यात गुंडी तशीच.

आता या तांदळाचं करायचं काय? मुठीचं घरात शिजत नाही. शेजारी वाटावा तर कोणाच्या घरी तांदळाला तोटा नाही, मिलच्या मागं राहतात सगळे. टाकून तर देता येत नाही. रात्रभर विचारही करावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुंडीच्या तोंडाला फडकं बांधलं, पिशवीत गुळाची ढेप घातली आणि बालाघाटची बस धरली.

बालाघाटला बस बदलली. उकव्याच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. घाटात गाडी वळली की ती गुंडीला पोटाशी धरायची. शेजारच्या बाईनं विचारलं, अम्मा, इसमें क्या है? चंपाबाईनं सांगितलं, माझी आजी आहे. बाई जरा सरकून बसली. मग चंपाबाईलाच हसू आलं आणि तिनं फडकं सोडून तांदूळ दाखवला.

सून रीनानं दार उघडलं तर घामाघूम सासू आणि हातात गुंडी. घाबरलीच ती. काय झालं, कसं झालं, फोन काहून नाही केला. चंपाबाईनं पाणी पिऊन सगळं सांगितलं आणि म्हणाली, की तुह्या घरी खीर शिजवून घेतो, चालते का? माह्या घरी शिजवता येत नाही.

रीना सून चांगली आहे. चटकन म्हणाली, "मांजी, हे काय तुमचं घर नाही? हे बी तुमचंच घर आहे."

 हे ऐकायला चंपाबाई किती वर्षं थांबली होती, पण ऐकलं ते नेमक्या आजच्या दिवशी. हे आपलं घर असेल तर इथं खीर शिजत नाही. शिजवली तर मग हे घर आपलं नाही. सून तोंडाकडे पाहत उभी, आणि सासूला रडावं की हसावं कळेना.

शेवटी ती म्हणाली, "माहं घर हाये म्हणूनच अंदर नाही शिजवत. बाहेर तीन गोटे मांड."

क्वार्टरांच्या लाइनीसमोर कडुनिंबाखाली गोटे मांडले. रीनानं गॅस असताना लाकडं जमवली. शेवटची मूठ समीक्षानं टाकली. मग चंपाबाईनं चादरीवर गुंडी पालथी केली आणि नातीला चाळायला बसवलं. रोजच्या मुठी असल्या तरी तांदूळ वर्षभरात बदलत गेलेला. कंट्रोलच्या दुकानातला जाडा, गजेंद्रनं दिवाळीला आणलेला बारीक, अधूनमधून कणी.

"एक साथ डाल दो ना, दादी. सब चावल ही तो है."

"जाडा मांगं राह्यते, बाई. त्याले आंधी टाक."

चारच्या पाळीची माणसं सुटली. काळ्या धुळीनं माखलेली, डोळे तेवढे पांढरे. ओळखीची नाहीत, बिनओळखीची. कोणी गोंड, कोणी पवार, कोणी कोण. हात धुऊन बसले, खाल्लं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कशाची खीर? कोणाचं काय आहे? चंपाबाई म्हणाली, माह्या आजीची. तो म्हणाला, कधी गेली? ती म्हणाली, बावन वर्षं झाली. त्यानं मान हलवली आणि आणखी एक द्रोण घेतला. गजेंद्र सगळ्यांत मागून आला.  आईच्या शेजारी जमिनीवर बसून खाल्लं.

मुलानं-सुनेनं दोन दिवस राहायला लावलं. तिसऱ्या सकाळी चंपाबाई निघायची तयारी करत होती, तर स्वयंपाकघरात खण्ण असा बारीक आवाज झाला. रिकाम्या पितळेत दाणे पडले की तसाच होतो. जाऊन पाहिलं तर समीक्षा रीनाच्या डब्यातून मूठ काढून गुंडीत टाकत होती. मूठ एवढीशी, निम्मे दाणे बोटांतून सांडलेले. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"अपने घर में तो सबसे छोटी मैं हूँ ना," ती म्हणाली.

चंपाबाई म्हणाली, हौ. यावर दुसरं काय म्हणणार? गुंडी पिशवीत घालायला काढलेलं फडकं तिनं घडी करून परत ठेवलं. जाताना गजेंद्र म्हणाला, इथंच राहा. ती म्हणाली, येतो पुढं. बसमध्ये मांडीवर काही नव्हतं, तर हात कुठं ठेवावे कळेना.

दुसऱ्या दिवशी लालबर्र्याला सकाळी आठ वाजता तिनं सुपात दोन मुठी तांदूळ काढले, निवडले, एक मूठ उचलली आणि कोनाड्याकडे वळली. कोनाडा रिकामा. गुंडीच्या बुडाचा गोल डाग तेवढा.

ती मूठ धरून उभी राहिली. बाहेर मिलचा भोंगा झाला. आजी किती वेळ उभी होती, ते तिला आज कळलं. तेव्हा उंबऱ्यावर एक पोट्टी तरी होती पेज पीत.

मग तिनं गॅसखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला, फुंकर मारून पुसला आणि मूठ त्यात टाकली. आवाज पितळेसारखा झाला नाही.