पिवळा चेहरा

जुळे सोलापूर भागातल्या एका मुलीनं वारलेल्या आईचं चित्र टॅबवर काढलं होतं. तैलरंगात करून द्या म्हणून तिनं ते मला फोनवर पाठवलं. महिनाभर फोन समोर ठेवून मी रंग मिसळले. न्यायला आल्यावर तिनं टॅब कॅनव्हासशेजारी धरला. टॅबवरची आई गव्हाळ, टवटवीत होती आणि माझी पिवळीजर्द. डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनच्या स्क्रीनला पिवळसर उजेडाचं सेटिंग लावलं होतं, ते मी मूर्खानं काढलंच नव्हतं.

"परत करून देतो," मी म्हणालो.

तिनं टॅब खाली ठेवला.

"राहू द्या, काका. काविळीत आई अशीच दिसायची. तो पिवळेपणा मीच चित्रातून काढून टाकला होता."