सोललेला काळा घेवडा

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. मागच्या थंडीत तो सुट्टीवर भिवंडीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटांऐवजी काळ्या घेवड्याची पाकिटं निघाली. दाणे राजम्यापेक्षा बारीक, पॉलिश केलेल्या बुटांसारखे काळेभोर. जहाजावरच्या ब्राझीलच्या आचाऱ्याकडून तो त्याचं कालवण शिकला होता, आणि ते आम्हाला खायला घालायचंच असं ठरवून आला होता.

शनिवारी संध्याकाळी दाणे भिजत घालताना त्याने आम्हाला पुष्कळ ऐकवलं. मेक्सिकोत हे ठेचून पोळीत गुंडाळतात, क्युबात भाताबरोबर शिजवतात, ब्राझीलमध्ये डुकराचं मांस घालून रटरटत ठेवतात. शेवटचं ऐकून आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. समोरच्या चाचींना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं होतं.

"मी मटण घालणार आहे," तो घाईघाईने म्हणाला.

सकाळी तो मटण आणायला गेला, वाटेत मित्र भेटले आणि साहेब बऱ्याच उशिरा परतले. मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर तो पिशवी धरून दारातच उभा होता. समोर चटईवर आई आणि चाची, दोघींच्या मध्ये परात. परातीत पांढरे दाणे, आणि बाजूच्या टोपात काळ्या सालांचा ढीग.

"हे काय केलंत?"

"सोलले," आई म्हणाली. "तू भिजवून निघून गेलास. वालासारखे पटकन सुटत न्हाईत, नखं दुखली."

आमच्याकडे वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि सोलून त्यांचं बिरडं करायचं. त्यामुळे भिजलेला दाणा दिसला की आईचे हात आपोआप चालू होतात. चाची सहज डोकावल्या होत्या, त्यांनाही तिने बसवून घेतलं होतं.

"आई, याचं नावच काळा घेवडा आहे. काळं तेवढं तू काढून टाकलंस."

"आतून पांढराच हाय. नाव ठेवणाऱ्याने सोलून बघितला नसेल."

चाचींनी आपली जांभळी झालेली बोटं उलटसुलट करून पाहिली. "रंग मात्र पक्का आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरचा धंदा कापडाचा, तेव्हा वाद घालायला जागाच नव्हती.

भाऊ पायरीवर बसून राहिला. मला हसू आवरेना आणि त्याच्याकडे बघून वाईटही वाटत होतं. मग तो उठला, सगळी सालं स्वच्छ फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी दाणे आणि मटणाबरोबर पातेल्यात सोडली.

"मी काढली, तू परत घातलीस," आई म्हणाली. "मग मी काय नुसती बसून होते?"

त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला, तशी आईने ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि दोन आमसुलं पातेल्यात घातली. मी पाहिलं आणि झाकण परत ठेवलं.

कालवण काळं झालंच नाही. खाडीच्या चिखलासारखा रंग आला, दाणे विरघळून रस्सा दाट झाला. पण चव अशी, की चाचींनी भात पुन्हा मागून घेतला आणि भावाने पातेलं पुसून खाल्लं. खोबरं कुठून आलं, हे त्याने विचारलं नाही.

जाताना आईने त्याच्या बॅगेत सुके वाल भरले. महिन्याभराने त्याचा फोन आला. बिरडं केलं होतं, सगळ्यांना आवडलं होतं.

"एवढे वाल सोलले कोणी?" मी विचारलं.

"कोणीच नाही. सालासकट शिजवले. आईला सांगू नकोस."

फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच बसून मेथी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मोड तरी आणले होतेस का?" तिने विचारलं.

"आई, इंजिनाची घरघर आहे, काही ऐकू येत नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.