आबांचे हात आणि डावीकडे जाणारी गाडी

आमच्या आबांना लकवा मारलेला नव्हता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी जेट्टीच्या रस्त्यावर कोणी ना कोणी मला थांबवून हळहळतं, "हात गेले होते ना गं त्यांचे?"

म्हणून एकदाच लिहून टाकते. नीट वाचा आणि पुढे पाठवा.

आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवला. रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून मांडव्याला आमच्या घराखाली मी गेम पार्लर चालवते, तिथे येऊन बसायला लागले.

पार्लरमध्ये एक कार रेसिंगचं मशीन आहे. सीट, गिअर, ब्रेक, स्टीअरिंग, सगळं खऱ्यासारखं. बाकीच्या मशीन्सकडे आबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ही मात्र "गाडी".

रोज सकाळी पार्लर तेच उघडायचे. गाडीला उदबत्ती, वर लिंबू-मिरची. मग सीटवर बसून बटण दाबायचं आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, डोळे मिटून नमस्कार. ट्रेलरवर करायचे तसाच, सावकाश.

त्यानंतर पहिली रेस स्वतः खेळायचे. आणि रोज हरायचे.

कारण गाडी डावीकडे ओढायची. आबा सरळ धरायचे, ती थेट डाव्या कठड्यावर.

गंमत म्हणजे दुपारी बोटीतून उतरलेले मुंबईकर खेळायला बसले की तीच गाडी सुतासारखी सरळ.

मशीनवाले इरफानभाई मुंबईहून यायचे, तेही दुपारच्याच बोटीने. त्यांनी बेल्ट बदलला. सेन्सर बदलला. वायरी उपसून परत कोंबल्या. स्वतः खेळून बघायचे, जिंकायचे, माझ्या हातची सोलकढी प्यायचे आणि सांगून जायचे, "भाभी, मशीन एकदम ओके है."

मशीन ओके म्हटल्यावर राहिलं कोण? आबा.

आधी आम्ही सगळे हसलो. मग एकदा जेवताना आबाच म्हणाले, की सकाळी नमस्कार करताना हात थरथरतात. त्यावर कोणी हसलं नाही.

अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आबांना मुठी आवळायला लावल्या, बोट नाकाला लावायला लावलं. म्हणाले, मला तर काही दिसत नाही, थरथर नक्की कधी होते? आबा म्हणाले, पूजेला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

तरी मोठ्या टेस्ट लिहून दिल्याच. आणि आमची रिक्षा गावात पोचायच्या आत, आबांना लकवा मारला अशी बातमी पोचली.

त्या दिवसापासून आबांनी ओवीला उचलणं सोडलं. ओवी माझी मुलगी, तेव्हा जेमतेम वर्षाची. ती त्यांच्याकडे हात पसरून रडायची आणि हा माणूस हात पाठीमागे बांधून उभा. मी खूप समजावलं, चिडलेसुद्धा.

"सूनबाय, ट्रेलर उलटला तर क्रेन येते," आबा म्हणाले. "पोर हातातनं सुटली तर काय करू?"

मी मोरीत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू.

यातून सोडवलं ते इरफानभाईंच्या झोपेने. एकदा आमच्याकडे जेवून त्यांचा डोळा लागला आणि शेवटची बोट चुकली. मुक्काम आमच्याकडेच. सकाळी चहाचा कप घेऊन खाली पार्लरमध्ये आले, तर आबा डोळे मिटून, स्टीअरिंग गच्च धरून बसलेले. मी दारात झाडू मारत होते.

"आबा, ये आप रोज करते हो?"

"रोज. गाडी हाय ती."

इरफानभाईंनी कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. मशीन चालू झालं की स्टीअरिंग स्वतःच डावीकडे-उजवीकडे फिरून आपला मध्य शोधतं. आबा नेमके तेव्हाच ते धरून ठेवायचे, म्हणून मशीन भलत्याच जागेला मध्य समजायचं. दुपारी आमच्याकडे रोज लाईट जाते. ती परत आली की मशीन आपोआप चालू व्हायचं, तेव्हा धरायला कोणी नसायचं, म्हणून गाडी ताळ्यावर.

स्क्रीनवर त्या वेळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहूनही येतं, स्टीअरिंगला हात लावू नका. पण आबांचे डोळे मिटलेले, आणि माझे केरावर.

इरफानभाईंनी बटण बंद केलं, आबांचे हात उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवले आणि परत चालू केलं. स्टीअरिंग थरथरत डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मध्ये येऊन थांबलं.

आबांनी स्टीअरिंगकडे बोट दाखवलं.

"म्हंजे थरथर तिची व्हती?"

"उसीकी थी, आबा."

आबा रेस खेळले. पहिले आले. त्याचं त्यांना काही नव्हतं. उठले, तडक वर घरात गेले, पाळण्यातून ओवीला उचललं आणि जेट्टीकडे निघाले. मी मागून धावले, न जाणो म्हणून दोन्ही हात पुढे करून.

आबांनी वळूनही पाहिलं नाही. "तू भाकऱ्या बघ. मी धरलीय तिला."

नमस्कार काही त्यांनी सोडला नाही. फक्त आधी गाडीचं फिरून होऊ द्यायचे, हाताची घडी घालून, मग स्वतःचा नमस्कार.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी आबांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

दुसऱ्या दिवशीही त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

आबा, फार आठवण येते. नमस्कार.