विसाव्याची जागा

भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी सावरपाडा म्हणून एवढंसं गाव होतं. पाठीशी डोंगर, एका अंगाला ओढा, पुढ्यात भातखाचरं, आणि बाहेर पडायला एकच वाट. त्या वाटेवर वेशीपाशी एक सपाट दगड. पाड्यातलं कुणी गेलं की तिरडी तिथे टेकवायची, पुढच्या खांदेकऱ्यांनी मागे यायचं, भाताचा मुटका ठेवायचा आणि मग मसणाकडे जायचं. गेलेला जीव घराची ओढ सोडतो तो तिथे. तिथे टेकवलं नाही तर बिचारा अडकून राहतो, असं पाडा मानत आला.

सहदेवदादा तिथलेच. जन्मभर साकीनाक्याला लेथ मशीनवर खपले, पण पाड्यात तिरडी बांधावी ती त्यांनीच. गाठ मारताना ते मेलेल्या माणसाशी बोलत, "हात सैल सोड रे सीताराम, अवघडशील." ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळत नसे.

पुढे खाचरं विकली गेली. आधी कारखाना आला, मग सोसायटी. तिचं गेट नेमकं वेशीवर आलं आणि दगड भरावात गेला. तरी पाडा गेटसमोरच तिरडी टेकवी. वरच्या मजल्यांवरच्या बायका खिडक्या लावून घेत.

सत्याऐंशीच्या वैशाखात दादांची बायको, वनमालावहिनी, गेली. पोटी मूलबाळ नव्हतं. शेवटच्या दुखण्यात तिनं एकच मागितलं होतं, "लग्न होऊन आले तेव्हा वेशीवर ओवाळून आत घेतलंत ना मला? सोडाल तेही तिथंच." दादांनी हो म्हटलं होतं.

मडकं धरून दादा पुढे, मागे तिरडी. गेटशी आले तर आत मांडव. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार हात जोडून आडवे आले.

"दादा, आज माझ्या मृणालिनीची हळद आहे. पाया पडतो, इथे नका टेकवू."

पुतण्या जयवंत खांद्यावरची तिरडी सावरत म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं बोला. जागा आपलीच आहे."

मांडवात पोरगी पाटावर बसली होती. गाल पिवळे, आणि दारी आलेल्या तिरडीकडे घाबरून बघत होती. दादांनी तिच्याकडे पाहिलं. मडक्याचा धूर डोळ्यांत जात होता.

"चला पुढं," ते म्हणाले.

वहिनी कुठेही न टेकता गेली. चालता चालताच खांदे बदलले.

दहाव्याला ओढ्यावर पिंड मांडला. झाडावर कावळे होते, खाली एकही उतरेना. जयवंतानं वहिनीच्या तुळशीला वृंदावन बांधायचं कबूल केलं. जावेनं वहिनीच्या देवीची ओटी दरवर्षी भरीन म्हटलं. ऊन चढलं. सगळे दादांकडे बघायला लागले.

"काका, तुम्ही काहीतरी कबूल करा ना."

"काय करू कबूल? तिला हवं होतं ते मी दुसऱ्याच्या पोरीला देऊन बसलो."

मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आंघोळीला चला म्हणाले. माणसं उठली. दादा तिथेच वर कावळ्यांकडे बघत बसले. जयवंतानं दोनदा हाताला धरलं, तरी उठेनात.