कंबरेत बसलेला फेटा

"नीट बघा डॉक्टर! कुठंतरी मोडलंय! मोडल्याशिवाय माणूस असा केकाटंल का?"

नगरच्या दवाखान्यात मी एवढा ओरडलो की शेजारच्या वॉर्डातली अडलेली बाळंतीण म्हणे तिथल्या तिथं मोकळी झाली. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "गुरुजी, मणके उत्तम आहेत."

उत्तम! काष्टीहून नगरपर्यंत मी एस.टी.त उभ्यानं आलो होतो. बसलं की कंबरेत सुऱ्या, उभं राहिलं की तलवारी. कित्येक वर्षं वर्गात एका जागी टिकलो नव्हतो. पोरं म्हणायची, गुरुजी शिकवत नाहीत, गस्त घालतात.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक पेन. म्हणजे जुनाट दुखणं. इजा बरी होते, पण नसांची बोंब मारायची सवय जात नाही. दुखणं खोटं नसतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुमच्यापैकी ज्यांना घरचे 'सोंग करतो' म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग ट्रॅक्शन. म्हणजे कंबरेला पट्टा बांधून खाटेच्या पायथ्याशी विटा लटकवतात. मी इतका ताणला गेलो की धोतर आखूड पडायला लागलं. दुष्काळी कामावर अख्खा तालुका खडी फोडत होता आणि मी पडल्या पडल्या छताची कौलं मोजत होतो. कौलं संपली, मग डास.

डॉक्टर रोज दुपारी स्टुलावर येऊन बसत. कळ कधी वाढते, विचारत. थंडीत, म्हणालो. आणखी? अकोल्याचं नाव निघालं की.

अकोल्यात माझी बहीण दिलेली. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरीमागे मामा म्हणून मी उभं राहायचं, मामाचा फेटा माझा. दाजींनी ऐनवेळी तो एका पुढाऱ्याच्या डोक्यावर बांधला. भर मांडवात मी बोडका. न जेवता परतलो, आणि एस.टी.तच कंबर धरली.

डॉक्टर म्हणाले, "दाजी चुकलेच. माफ केलं म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. पण तुम्ही अजून रोज त्या मांडवात उभे आहात, कंबर आवळून."

उपचार असा: दाजींचं नाव घ्यायचं, श्वास सोडायचा, कंबर सैल करायची. पहिल्या दिवशी नाव घेतलं तर विटा हलल्या.

तेवढ्यात बहीण आली. धाकटीचं लग्न ठरलं होतं. "दादा, तू मागं उभा न्हाई राहिलास तर बोहल्यावर चढायची न्हाई म्हनती पोरगी." मी कूस बदलायला गेलो, पट्ट्यानं बदलू दिली नाही.

धाकटीच्या लग्नात मागं उभा राहिलो. भटजींनी मंगलाष्टकं ताणली, जणू ट्रॅक्शनच. कळ आली; मी कंबर आवळली नाही. ती जरा घुटमळली, ओसरली. अजूनही येते, पण मुक्काम ठोकत नाही. एवढं बरं होणंही बरं होणंच असतं, आणि त्याबद्दल मी त्या डॉक्टरांना जन्मभर दुवा देईन.

पंगत उठल्यावर दाजींना बाजूला घेतलं. भाषण पाठ होतं, ऐनवेळी एवढंच निघालं: "दाजी, थोरलीच्या लग्नात माझा फेटा तुम्ही दुसऱ्याला बांधलात. म्हणून इतकी वर्षं तुमचा उंबरा चढलो नाही. आज माफ केलं."

दाजी सुपारी कातरत होते. म्हणाले, "असं व्हय. आमाला वाटलं, कंबर दुखती म्हनून येत न्हाई."