अर्ध्यावरची गोधडी

बेलफोर्डमध्ये लव्हर्न पिकेटला कुणी विचारलं, की बाई, तुला मुलं किती, तर ती म्हणायची, पोटचं एकही नाही, पण गोधडीची अकरा आहेत.

हे ती चेष्टेने म्हणत नसे. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात नवीन पोरं आली, की बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या दानाच्या ताटात टाकत आणि एकेका घराने एकेक उचलायची. ज्याची चिठ्ठी हाती येई तो पोरगा चार वर्षं दर रविवारी त्या घरी जेवायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या लव्हर्नला अशा पोराचं पोट भरायला कितीसा वेळ लागणार? म्हणून ती वर त्याची गोधडी शिवायला घ्यायची. मधल्या चौकोनात त्याचं नाव आणि पाठीवरचा आकडा. मग घरच्या मैदानावर जितके सामने होतील तितके हिरवे-पांढरे तुकडे भोवतीने. बेलफोर्डचा संघ म्हणजे बगळे, आणि बगळ्यांचा रंग हिरवा-पांढरा. पोरगा खेळो नाहीतर बाकावर बसून राहो, तुकडा पडायचाच.

चौथ्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याआधी निरोप घेणारी पोरं आईबापांसोबत मैदानात उतरत. लव्हर्नही त्यांच्यामागून उतरायची आणि भरल्या स्टेडियमसमोर पोराच्या खांद्यावर गोधडी टाकायची. नवरा हॉइट वरून, चाळिसाव्या ओळीतून, टोपी हलवायचा. हॉइट गेला त्याला सहा वर्षं झाली. स्टेडियममधली त्याची खुर्ची तिने सोडली नव्हती, तिच्यावर ती आपला कोट ठेवायची.

पुढे नियम बदलले. खेळाडूंना उघड पैसे मिळू लागले आणि दर हिवाळ्यात कॉलेज बदलायची मुभा झाली. पोरांना दोन पैसे मिळाले तर लव्हर्नचं काही म्हणणं नव्हतं, त्यांच्या गुडघ्यांचे काय हाल होतात ते तिने पाहिलं होतं. पण बारावी गोधडी सात तुकड्यांवर थांबली आणि तेरावी पाचांवर. तिची बहीण इमोजीन शेजारीच राहायची. तिची जीभ म्हणजे कातरी. ती म्हणाली, तू आता रुमाल शिवत जा, रुमाल तरी वर्षात पुरा होईल.

लव्हर्नला एक चौदावी हवी होती. वय एकाहत्तर, बोटांचे सांधे सुजलेले. मोजून चार वर्षं हात चालतील, तेवढ्यात एक पुरी होऊ दे, एवढंच ती देवाजवळ मागत होती. बाकी मागण्या तिने केव्हाच बंद केल्या होत्या.

तेव्हा ताटातून कीलन मॅबरीची चिठ्ठी निघाली.

कीलन लुइझियानाच्या दलदलीतल्या एका वस्तीवरून आलेला, साडेसहा फुटी, आणि तोंडात शब्द दोनच, ‘यस, मॅम’. संघात त्याचं काम डाव्या बाजूला उभं राहून धक्के अडवायचं, म्हणजे चेंडू फेकणारा सुखरूप राहतो. अशा गड्याचं नाव लोकांना तो चुकला तरच कळतं. पहिले दोन महिने तो जेवायचा, ताट धुवायचा आणि निघून जायचा. एकदा तिला सुई ओवता येईना हे त्याने पाहिलं. त्याने तिच्या हातून सुई घेतली आणि आपल्या त्या फावड्याएवढ्या हातांनी पहिल्याच फटक्यात ओवली. त्यानंतर दर रविवारी निघण्यापूर्वी तो आठवडाभर पुरतील एवढ्या सुया ओवून शिवणाच्या छोट्या उशीला टोचून ठेवू लागला. मग बोलूही लागला. त्याच्या आजीचे मासे पकडायचे पिंजरे, लहान भावाचा दमा, असं काहीबाही. दुसऱ्या वर्षी तो प्रत्येक सामन्यात खेळायला लागला, आणि गोधडी तेरा तुकड्यांवर आली.

त्याच सुमारास गावातल्या मोठ्या लोकांनी ‘घरटं’ नावाचा निधी काढला. आपली पोरं आपल्याकडे राहावीत म्हणून सर्वांनी दरमहा काही द्यावं, असं स्टेडियमच्या पडद्यावर झळकू लागलं. लव्हर्नने शुक्रवारी केस करून घ्यायला जाणं सोडलं आणि ते पैसे तिथे भरले. अर्जावर खाली एक रिकामी ओळ होती. तिथे तिने ठळक अक्षरांत लिहिलं, ‘कीलन मॅबरी, ७४’. चर्चच्या पाकिटावर ‘अनाथाश्रमासाठी’ लिहिलं तर पैसे अनाथाश्रमालाच जातात, छपरासाठी लिहिलं तर छपराला. हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. दुसरीकडे याहून वेगळं चालत असेल, असं तिच्या मनातही आलं नाही.

जानेवारीत इमोजीन फोन हातात धरूनच आत आली. घरट्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कॉलेजातून ब्रेनन स्टोल्क नावाचा तेवीस वर्षांचा गडी आणला होता. एका वर्षासाठी. डाव्या बाजूला.

लव्हर्नने विचारलं, मग कीलन कुठे उभा राहणार? इमोजीन खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, कॉफी कर.

त्या रविवारी कीलनने तळलेल्या कोंबडीला हात लावला नाही. एक वर्ष बाकावर काढलं तर पुढे कोणी विचारणार नाही, म्हणून तो शेजारच्या राज्यातल्या लाल रंगाच्या कॉलेजात जात होता. बुधवारी निघायचं होतं. त्या कॉलेजचं लाल लव्हर्नच्या घरात साध्या नॅपकिनलाही चालत नसे.

लव्हर्न म्हणाली, “त्याला आणलं त्या पैशात माझेही होते, कीलन.”

त्याने ताट बाजूला सारलं.

“अर्जावर तुझं नाव लिहिलं होतं मी. आकडासुद्धा.”

कीलनला हसू आलं, आणि तिचा चेहरा पाहून ते मध्येच विरलं. “तिथं नावं वाचत नाहीत, मिस लव्हर्न.”

मग त्याने ताट धुतलं, दारापाशी गेला आणि परत आला. गोधडी खुर्चीच्या पाठीवर होती. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, “उरलेली पुरी कराल? तिकडचे सामनेही सामनेच आहेत. मी तिकिटं पाठवीन.”

“लाल कापड?”

“यस, मॅम.”

जवळजवळ पन्नास वर्षं त्या ओळीत बसून ती त्या लाल रंगावर ओरडली होती. हॉइट तर शेवटच्या आजारातही लाल जेली खाईना. तिच्या तोंडून निघून गेलं, “लाल मी शिवणार नाही.”

कीलन म्हणाला, “यस, मॅम,” आणि दार हळूच ओढून घेऊन गेला.

त्या वर्षी चर्चमध्ये चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. पोरं टिकत नाहीत, घरांनाही आता नको होतं. बगळे मात्र जिंकत होते. लव्हर्न सवयीने उठायची, सवयीने टाळ्या वाजवायची. रोज संध्याकाळी ती संघातल्या पोरांसाठी नावं घेऊन प्रार्थना करायची, पण संघातली निम्मी पोरं नवी होती आणि नावं जिभेवर बसेनात. मग ती आकडेच म्हणू लागली. बारा, एकवीस, अठ्ठावन्न. देवाला आकडे कळत असतील, असं तिने स्वतःला समजावलं. शेवटी मात्र ती कीलनचं नाव घ्यायची आणि तिथे तिला प्रार्थना सापडत नसे. दोनदा तिने त्याला फोन लावला. दोन्ही वेळा उचलला गेला नाही, आणि ठेवायला निरोप तिच्याजवळ नव्हता.

नोव्हेंबरात निरोपाचा दिवस आला. सामन्याआधी कॉलेजची एक मुलगी जिने चढत चाळिसाव्या ओळीपर्यंत आली. स्टोल्कचे आईवडील येऊ शकले नव्हते, त्यांचं विमान बर्फात अडकलं होतं. पूर्वी तुम्ही मैदानात उतरायचात असं कळलं, तेव्हा त्याच्यासोबत याल का, असं ती विचारत होती. इमोजीन फणकारली, की हिला दुसरं कोणी भेटलं नाही का? लव्हर्न मात्र कोट घालून उठली. पोरगं एकटं चालत जाणार, हे तिला बसून बघवलं नसतं.

मैदानात उतरायच्या बोगद्याच्या तोंडाशी स्टोल्क उभा होता. गोरा, घामेजलेला, चेहऱ्याने तेविसापेक्षा लहान.

“मॅम, तुमचं नाव?”

तिने सांगितलं. त्याने ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. मग म्हणाला, “माझ्या आधीच्या कॉलेजात एक बाई होत्या. वाढदिवसाला केक करून आणायच्या. निघताना त्यांना भेटलो नाही मी. कसं सांगावं तेच कळेना.”

“फोन केलास?”

“त्यांनी केला होता. मी उचलला नाही.”

“का रे?”

त्याने शिरस्त्राण या हातातून त्या हातात घेतलं. “त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं, मॅम. रागावल्या नसत्या तर मी काय करणार होतो?”

लव्हर्नला कीलनने न उचललेले आपले दोन फोन आठवले. भोंग्यावर स्टोल्कचं नाव पुकारलं गेलं. लव्हर्नचे हात रिकामे होते, आणि त्यांचं काय करावं हे तिला सुचेना. गवत ओलं होतं. तिने त्याचा दंड धरला आणि दोघं टाळ्यांच्या गजरात चालू लागली. बाई फार हळू चालते म्हणून त्याने आपली पावलं लहान केली, ते तिच्या लक्षात आलं.